दोनशे चौदा वेळा समुद्र

मानपत्र लिहायला बसलं की मजकूर कमी पडतो. ज्याने आयुष्यात खरोखर काही केलेलं असतं त्याला मानपत्र द्यायचं कुणाला सुचत नाही, आणि ज्याला द्यायचं ठरतं त्याने काय केलं हे शोधता शोधता लिहिणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात त्या सोमवारी सकाळी नेमकं हेच चाललं होतं.

ऑफिस म्हणजे बर्फाच्या कारखान्यावरची एक खोली. दोन टेबलं, पत्र्याची तीन कपाटं, मनाला येईल तेव्हा चालणारा एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर सत्काराच्या फोटोंची लांबलचक रांग. प्रत्येक फोटोत तोच गृहस्थ, मान किंचित झुकवलेली, उजवा हात छातीवर. हे सदस्यसाहेब. या किनाऱ्याने त्यांना निवडून सभागृहात पाठवलं होतं. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत बदल काय तो चेअरमनच्या डोक्यावर झालेला दिसे. केस दर वर्षी कमी होत गेले होते.

"बाई, या वेळी मानपत्रात नुसते शब्द नकोत," चेअरमन म्हणाले. "आकडा पाहिजे. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. सभागृहात कोण काय बोललं, अक्षर न् अक्षर. साहेबांचं नाव टाका आणि शोधा. गाव, शेतकरी, समुद्र, खाडी, होडी, मासळी. पाच वर्षांत किती वेळा बोलले, मोजा आणि लिहून टाका!"

कारकूनबाईंनी मान डोलावली. त्या या सोसायटीत अकरा वर्षं होत्या. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की गावातलं प्रत्येक मानपत्र त्यांच्याच हातचं असायचं. लिहिलेलं खरं की खोटं, हे पाहणं आपलं काम आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. अक्षर सुबक आलं की झालं!

खरं तर या बाईंना सभागृहाशी फार मोठं देणंघेणं असायला हवं होतं. त्यांचे यजमान रोज पहाटे होडी घेऊन खाडीच्या तोंडातून समुद्रात जात. त्या तोंडाशी वाळूचा आणि गाळाचा दांडा साचला होता. ओहोटीला पाणी गुडघाभर, त्यावर लाट उसळायची आणि होडी पालथी व्हायची. दोन वर्षांपूर्वी अशीच एक पालथी झाली, तेव्हा बाईंच्या धाकट्या दिराचा उजवा हात होडी आणि खडक यांच्यामध्ये चिरडला. कोपराच्या वरून कापावा लागला. गाळ उपसणारा ड्रेजर एकदा येऊन गेला असता तर हे टळलं असतं. ड्रेजर देणं सरकारच्या हातात, आणि सरकारकडे मागणं सदस्यसाहेबांच्या. म्हणून तर गाव त्यांना सांभाळून होतं.

बाईंनी शब्द टाकले. कॉम्प्युटरने बराच वेळ विचार केला आणि आकडा दिला. दोनशे चौदा!

चेअरमन खुर्चीतून उठलेच. "दोनशे चौदा! पाच वर्षांत दोनशे चौदा वेळा! आणि लोक म्हणतात साहेब काही करत नाहीत. मोठ्या अक्षरात लिहा बाई, सोनेरी शाईने."

बाईंनाही भरून आलं. माणसाला आकडा दाखवला की त्याची अक्कल टाळ्या वाजवायला बाहेर जाते, हे आपण सगळेच जाणतो.

*

बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू राहत. वय साठीच्या पुढे, हाडापेराने सडसडीत, कानाला यंत्र. सगळे त्यांना टिपणकाका म्हणत. सभागृहात मधोमध एक छोटं टेबल असतं. तिथे बसून दहा-दहा मिनिटांच्या पाळीने, जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं होतं. त्यांचे कान त्या नोकरीतच गेले असं ते सांगत. "एवढं खोटं कानांनी किती सोसायचं?" असं म्हणून ते यंत्राची कळ बंद करत.

संध्याकाळी बाई छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या दाराशी गेल्या. बाहेर ओट्यावर भाऊजी, म्हणजे बाईंचे दीर, जाळं दुरुस्त करत बसले होते. दोरा दातात, सुई डाव्या हातात, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं.

"काका, जरा बघता का? मानपत्रात कुठली वाक्यं घ्यावीत ते सांगा. साहेब दोनशे चौदा वेळा बोलले आहेत."

"बोलले?" काकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "पोरी, तो माणूस कामकाजाच्या अडीचशे दिवसांत माझ्यासमोर दोन वेळा उभा राहिला होता. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं त्याचीच होती. दाखव बरं."

त्यांनी कागद चष्म्याजवळ नेले, चार पानं उलटली आणि हसायला लागले. तोंडात कडू काहीतरी आल्यावर माणूस हसतो, तसलं ते हसणं होतं.

"ही चांदणी दिसते का तुला? भाषणाच्या सुरुवातीला, बारीकशी?"

"दिसते. छपाईतली असेल म्हटलं."

"छपाईतली नव्हे, सभागृहातली. शेवटच्या पानावर तिचा अर्थ दिलेला असतो. तिथवर कुणी जात नाही. वाच."

बाईंनी शेवटचं पान काढलं. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हे भाषण सभागृहात केलेले नाही. सदस्याने लेखी स्वरूपात पटलावर ठेवले.'

"म्हणजे?"

"म्हणजे कागद आणून टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेला. कुणी ऐकलं नाही, कुणी उत्तर दिलं नाही. पण छापून येतं, जणू काय गर्जना केली! वेळ कमी पडला तर सदस्याची अडचण होऊ नये, म्हणून ही सोय ठेवली होती. यांनी सोयीचाच धंदा केला. मोज चांदण्या."

बाईंनी मोजल्या. अकरा भाषणं, अकरा चांदण्या. शब्दांचा हिशेब केला तर त्या अकरा कागदांत एकशे सत्त्याऐंशी वेळा समुद्र, खाडी आणि मासळी. बाई एक भाषण वाचू लागल्या, मग दुसरं, मग तिसरं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे सगळं एकच आहे."

"एकच असणार."

"नाही, अगदी एकच! 'गेल्या वर्षी माझ्या मतदारसंघात सात होड्या उलटल्या.' पाचही वर्षं गेल्या वर्षी सातच होड्या! नंतरच्या होड्या याला कुणी सांगितल्या नाहीत का?"

"माझी धरली का त्यात?" ओट्यावरून भाऊजींनी विचारलं. दातातला दोरा त्यांनी सोडला नव्हता. "नसेलच. मी आठवा."

बाईंनी घाईने पुढचं पान काढलं. त्या म्हणाल्या, "पण एक चांदणी नसलेलंही आहे. हे बघा. इथे चौदा वेळा मासळी आणि समुद्र आलं आहे. हे तर बोलले असतील ना?"

काकांनी पान पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "हे मीच उतरवून घेतलंय! काय आवेश होता त्या दिवशी! टेबलावर मूठ आपटली, माझी पेन्सिल उडाली. वाच, मोठ्याने वाच. भाऊजींना ऐकू दे."

बाई वाचू लागल्या. "'अध्यक्ष महोदय, मी आज अत्यंत जड अंतःकरणाने उभा आहे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर असताना, सदस्यांच्या उपाहारगृहात मिळणारी मासळी ताजी नसते. काल मला दिलेली मासळी थंड होती. ही मासळी...'"

त्यांचा आवाज खाली खाली गेला. पुढे मंत्र्यांचं उत्तर होतं, तेही काकांच्याच हातचं. चौकशी होईल, आठ दिवसांत मुख्य स्वयंपाकी बदलला जाईल.

"बदलला?" भाऊजींनी विचारलं.

"सहाव्या दिवशी," काका म्हणाले. "सरकार हलत नाही असं कोण म्हणतो?"

नागरिकहो, हा माणूस पाच वर्षांत समुद्राविषयी एकदाच तोंड उघडून बोलला, आणि तेही घास घेण्यापुरतं! असल्या माणसाची चीड येते हे खरं. पण थांबा. चीड सगळी त्याच्यावर खर्चू नका, थोडी राखून ठेवा. ती लवकरच आपल्या घरी लागणार आहे.

एकशे सत्त्याऐंशी आणि चौदा गेले. उरले तेरा. ते साहेबांच्या नावाने छापलेल्या प्रश्नांतले होते. त्यातल्या एका प्रश्नावर बाईंनी बोट ठेवलं. त्यांच्याच खाडीच्या तोंडाचा होता तो. गाळ कधी उपसणार, ड्रेजर कधी देणार. नीट, मुद्द्याचा, कुणातरी हुशार सहायकाने लिहिलेला प्रश्न. खाली एकच ओळ होती: 'प्रश्न पुकारला असता सदस्य अनुपस्थित. प्रश्न विचारला गेला नाही.'

"मंत्र्यांचं लेखी उत्तर मागे छापलेलं असतं," काका हळू आवाजात म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मी निवृत्त झाल्यानंतरचं आहे हे. काढ ते पान."

उत्तर चार ओळींचं होतं. ड्रेजर या हंगामापुरता उपलब्ध आहे. दोन खाड्यांची मागणी आली आहे. संबंधित सदस्यांचं म्हणणं सभागृहात ऐकून निर्णय केला जाईल. आणि त्याच पानावर, दुसऱ्या खाडीचा सदस्य जागेवर हजर होता, उभा राहिला होता, बोलला होता. ड्रेजर त्याला मिळाला होता.

बाईंनी पानावरची वेळ पाहिली, सकाळी अकरा, आणि तारीख पाहिली. भाऊजींच्या अपघाताच्या बरोबर सहा आठवडे आधीची होती. आणि ही तारीख आपण आणखी कुठेतरी पाहिली आहे असं त्यांना वाटत राहिलं. स्वयंपाक करताना वाटलं, जेवताना वाटलं. कुठे ते काही केल्या आठवेना.

*

सकाळी ऑफिसचं कुलूप उघडलं आणि आठवलं.

भिंतीवरच्या फोटोंमधला शेवटून तिसरा. साहेबांची मान किंचित झुकलेली, उजवा हात छातीवर. खाली पाटी: 'आमच्या प्रश्नांना वाचा फोडल्याबद्दल जाहीर सत्कार', आणि तीच तारीख. वेळसुद्धा तीच, सकाळी अकरा.

बाई खुर्चीवर बसल्या त्या बसूनच राहिल्या. ज्या दिवशी त्यांच्या खाडीचा प्रश्न पुकारला गेला, त्या दिवशी साहेब कुठे होते? इथे! सोसायटीने गाडी पाठवून आणलं होतं. आणि फोटोत साहेबांच्या हातात जे मानपत्र होतं, त्याचं अक्षर अतिशय सुरेख होतं.

"प्रश्नांना वाचा फोडल्याबद्दल," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. प्रश्नाला वाचा फुटायच्या वेळी वाचा उचलून आपणच इकडे आणली होती!

टिपणकाका दुपारी कधी नव्हे ते जिना चढून वर आले. धाप लागली होती. त्यांनी पुढच्या आठवड्याच्या कामकाजाचा कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. "मला रात्रभर चैन पडलं नाही. तो सहायक दर अधिवेशनात तोच प्रश्न नेमाने देत असणार असं वाटलं. बघ. गुरुवार, सकाळी अकरा, प्रश्न नववा. तुमची खाडी. ड्रेजर परत मोकळा झालाय."

बाईंनी टेबलावरची निमंत्रणपत्रिका उचलली. जाहीर सत्कार. गुरुवार. सकाळी अकरा.

चेअरमन आल्या आल्या बाईंनी सगळं पुढ्यात मांडलं. चांदण्या, थंड मासळी, फोटो, गुरुवार. चेअरमननी ऐकून घेतलं, रुमालाने टक्कल पुसलं आणि सगळे चेअरमन बोलतात ते बोलले.

"बाई, पत्रिका वाटून झाल्यात. मंडप सांगितलाय. साहेबांनी तारीख स्वतः दिलीय."

"म्हणूनच म्हणते, तारीख बदला. त्या दिवशी त्यांनी तिथे असायला हवं."

"आणि ते नाराज झाले म्हणजे?"

"नाराज होऊन काय देणार नाहीत?" बाईंचा आवाज चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच! "आतापर्यंत काय दिलंय ते सांगा, म्हणजे काय बंद होईल ते कळेल."

"अहो, माणूस दोनशे चौदा वेळा..."

"एक वेळा! तेही जेवणाबद्दल!"

"चेअरमनसाहेब," कोपऱ्यातून काका म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं या लोकांच्या पायाशी बसलोय. त्यांच्यातले सगळेच वाईट नसतात. काही अभ्यास करून येतात, भांडतात, उत्तर घेतल्याशिवाय बसत नाहीत. त्यांचा सत्कार झालेला मी एकदाही पाहिला नाही, कारण ते सत्काराला मोकळे नसतात. तुम्ही ज्याला बोलावलंय तो दर वेळी मोकळा असतो. यावरूनच ओळखायचं."

चेअरमन तरीही बधले नाहीत. मानपत्राचा मसुदा त्यांनी पुढे ओढला. "सगळ्या सभासदांच्या सह्या लागतील खाली. दाराशी कोण आहे ते? या, आत या."

दाराशी भाऊजी होते. बर्फ न्यायला आलेले, खांद्यावर रिकामं पोतं, उजवी बाही आत खोचलेली. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते टेबलापाशी आले, मसुदा पाहिला.

"सही पाहिजे ना?"

"हो. म्हणजे... तुम्ही सभासद आहातच."

"सही करणारा हात त्या सत्कारात गेला," भाऊजी म्हणाले. "आता अंगठा कुठला घेता बोला."

खाली कारखान्यात बर्फाची लादी फुटल्याचा आवाज आला. चेअरमननी वर पाहिलं, शेवटून तिसऱ्या फोटोकडे, जिथे ते स्वतः गाडीचं दार उघडून धरून उभे होते. मग त्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

तरी माणसाची सवय पाहा! त्यांनी फोन उचलला. साहेबांना आठवण करून द्यावी, साहेब स्वतःच म्हणतील की सत्कार पुढे ढकला, म्हणजे कुणाचा वाईटपणा नको. फोन सगळ्यांना ऐकू यावा असा टेबलावर ठेवला.

"साहेब, गुरुवारी अडचण तर नाही ना? तुमचं अधिवेशन चालू आहे म्हणून विचारलं."

"छे हो!" पलीकडून प्रसन्न आवाज आला. "गुरुवारी मोकळाच आहे मी. सभागृह आहे फक्त."

सभागृह आहे फक्त! चेअरमननी फोनकडे असं पाहिलं, की तो जणू घाणीत पडला होता आणि त्यांनी तो उचलून कानाला लावला होता. सतरा वर्षं हा माणूस साहेबांच्या गाडीचं दार उघडत आला होता. लाचार माणसालाही एक दिवस स्वतःची किळस येते. चेअरमनना ती त्या क्षणी आली आणि त्यांचं त्यात भलंच झालं.

"बरं झालं साहेब," ते म्हणाले, आणि बाईंना वाटलं, हा आवाज आपण कधी ऐकलेला नाही. "कारण कार्यक्रमाची जागा बदललीय. आम्हीच येतो तुमच्याकडे. सभागृहात. चाळीस माणसं गॅलरीत बसतील. नववा प्रश्न आमचा आहे म्हणतात. तुम्ही तो विचारताना सगळ्यांना बघायचंय."

पलीकडून प्रश्न आला. "फोटोवाले असतील?"

"सगळे असतील साहेब."

"मग या, या!"

*

प्रवेशपत्रं टिपणकाकांनी जुन्या ओळखीवर मिळवली. बसमध्ये त्यांनी सगळ्यांना बजावलं, "गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, बोट दाखवायचं नाही. नाहीतर बाहेर काढतील."

"मग करायचं काय?" बाईंच्या यजमानांनी विचारलं. त्या दिवशी त्यांनी होडी काढली नव्हती.

"बघायचं. त्या माणसांना सगळ्याची सवय आहे, घोषणांची, शिव्यांची, हारांची. पापणी न लववता कुणी नुसतं बघत बसलं, तर त्याची सवय नाही."

सभागृह बाईंना वाटलं होतं त्याहून लहान निघालं. गालिचा जुना, पंखे संथ, आणि अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. भरलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत एक गृहस्थ घोरत होते. मधल्या टेबलाशी दोन मुली मान खाली घालून लिहीत होत्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

साहेब अकराला पाच मिनिटं असताना आले. वर पाहिलं, मान किंचित झुकवली, उजवा हात छातीवर नेला. उत्तरादाखल गॅलरीत कुणी हललं नाही. साहेबांचा हात छातीवरून आपोआप खाली आला.

नववा प्रश्न पुकारला गेला. साहेब उभे राहिले आणि कागद वाचू लागले. दुसऱ्याचं पत्र आपल्या पेटीत पडावं आणि ते चुकून फोडावं, तसे ते वाचत होते. स्वतःच्या नावाखालचा प्रश्न ते पहिल्यांदाच पाहत होते हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळलं.

मंत्री उठले. "मागणी शासनाच्या विचाराधीन असून योग्य वेळी उचित कार्यवाही करण्यात येईल."

साहेब समाधानाने बसले. झालं काम! त्यांनी वर पाहिलं, आता तरी कौतुक दिसेल म्हणून.

चाळीस माणसं बघत होती. बायका, म्हातारे, बाईंचे यजमान, चेअरमन. पहिल्या रांगेत भाऊजी बसले होते. ते काही दाखवत नव्हते, काही खुणावत नव्हते. बाही खोचलेली होती, एवढंच.

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले.

आता गेलं, बाईंना वाटलं. योग्य वेळी म्हणजे कधीच नाही. त्यांना यजमानांची होडी दिसली, गुडघाभर पाण्यावर उसळलेली लाट दिसली. ओरडावंसं वाटलं त्यांना! काकांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

खाली साहेब खुर्चीत चुळबुळत होते. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा वर. पुन्हा वर. मग हा माणूस, ज्याने पाच वर्षांत न बोललेल्या भाषणांचे ढीग छापून घेतले होते, अवघडून उभा राहिला. हातात कागद नव्हता. घसा खाकरला.

"कधी?" तो म्हणाला.

मंत्री दचकले. असा प्रश्न या सदस्याकडून येईल याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, एक चिठ्ठी पुढे आली. "या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेच्या आत ड्रेजर खाडीच्या तोंडाशी लावला जाईल."

मधल्या टेबलाशी त्या मुलीची पेन्सिल चालली. काकांनी बाईंच्या कानाशी तोंड नेलं. "लिहिलं तिने. चांदणी नाही. आता त्यांना मागे फिरता येणार नाही."

*

ड्रेजर अठ्ठावीसला आला नाही. आला तो अकरा दिवस उशिरा, आणि तोही चेअरमननी ते छापील पान घेऊन तीन हेलपाटे घातल्यावर. एका गुरुवारात ही माणसं सुधारतील असं कुणी समजू नये. पण आला. भाऊजी दिवसभर काठावर बसून गाळ उपसला जाताना बघत होते. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "वहिनी, काय आवाज करतो हो तो! पण निदान कामाचा आवाज आहे."

बाईंनी पुढे एकदा कॉम्प्युटरवर त्या गुरुवारचं कामकाज शोधलं. तेच शब्द टाकले: गाव, शेतकरी, समुद्र, खाडी, होडी, मासळी. कॉम्प्युटरने साहेबांनी वाचून दाखवलेला छापील प्रश्न बरोबर शोधला. 'कधी' त्याने मोजला नाही. मोजायच्या यादीत तो शब्दच नव्हता.

नागरिकहो, आपली यादीच चुकलेली आहे! आपला माणूस आपलं नाव किती वेळा घेतो हे आपण मोजत बसतो आणि मोजून झालं की हार घेऊन पळतो. तो लबाड आहेच, त्यात वाद नाही. पण त्याच्या लबाडीला सुरेख अक्षर कुणाचं आहे? त्याच्या गाडीचं दार कोण उघडतं? त्याला कामाच्या दिवशी कामावरून उचलून कोण आणतं? ज्याला आपण कामाला ठेवलं आहे त्याचा सत्कार करायचा नसतो. तो जागेवर आहे का ते बघायचं असतं, आणि त्याने 'करू' म्हटलं की 'कधी' विचारायचं असतं. शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, कारण खरं तिथेच बारीक अक्षरांत लपवलेलं असतं.

ते मानपत्र कधीच लिहिलं गेलं नाही. भिंतीवरचे फोटो काढून टाकूया, असं चेअरमन म्हणाले होते. बाईंनी नको म्हटलं. त्यांनी फक्त शेवटून तिसऱ्या फोटोखाली, जुन्या पाटीच्या शेजारी, एक नवी पट्टी चिकटवली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं, पण या वेळी त्यांनी लिहिण्याआधी दोनदा वाचून पाहिलं होतं:

'या दिवशी सकाळी अकरा वाजता सभागृहात आपल्या खाडीचा प्रश्न पुकारला गेला. सदस्य जागेवर नव्हते. ते आपल्याकडे होते.'